खडवली नावाचं गेट

खडवलीत एका बाईने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. वर म्हणालो, "ठीक आहे, यापुढे लक्ष ठेवा." खरं तर माफी मी मागायची होती. हे मी घरात बोललो नाही, ऑफिसात बोललो नाही, त्या दिवशी गाडीत शेजारी असलेल्या परेरा मॅडमनाही सांगितलं नाही. बाकीचं सगळं हळूहळू बाहेर पडलं. एवढं एक आत राहिलं होतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. आता मागे फिरता येणार नाही.

प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगतो, यात बर्फ नाही, समुद्र नाही. ठाणे, डोंबिवली, दिवा, कल्याण आणि खडवली. तुम्ही म्हणाल, हा कसला प्रवास, इथे आम्ही रोज मरतो. खरं आहे. पण या गावांमधून आपण फक्त जातो. उतरून बघत नाही. मीही कधी उतरलो नव्हतो, आणि उतरलो तेही स्वतःला वाचवायला.

वागळे इस्टेट

आमची कंपनी एक्स-रे आणि स्कॅन काढून देते. सेंटरं ठिकठिकाणी, डॉक्टर ठाण्यात. खडवलीत कुणी पडलं तर फोटो तिथे निघतो आणि वागळे इस्टेटमध्ये खुर्चीत बसलेला डॉक्टर तो स्क्रीनवर बघून रिपोर्ट देतो. मधली सगळी ने-आण माझ्याकडे. नेटवर्कचा माणूस मी. फोटो ठेवायला आम्ही क्लाउड घेतलंय, आणि क्लाउड म्हणजे ढगबिग काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतली भाड्याची मशीनं आणि त्याच आवारातलं भाड्याचं गोदाम.

त्याचं बिल फुगत चाललेलं. त्यात एक ओळ सगळ्यांत जाड होती आणि त्या ओळीचं नाव होतं 'खडवली'.

साहेबांनी, म्हणजे मालकांनी, तिच्यावर बोट ठेवलं. "हे खडवली खातंय आपल्याला. एवढंसं गाव, माणसं येतात किती तिथे? बंद करून टाकू."

"एकदा बघून येतो साहेब," मी म्हणालो.

"ये बघून. परेराला घेऊन जा. सगळी सेंटरं फिरा, पण खडवलीचं मशीन कुठे हलवायचं ते ठरवूनच या."

मला साहेबांचा राग आला. काचेच्या केबिनमध्ये बसून एक नाव वाचायचं आणि गावातला एक्स-रे बंद करायचा. असा राग आला की कान तापले. आणि तो राग बरा वाटत होता, कारण तो दुसऱ्यावर होता. बिल का फुगलंय ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

कसं ते सांगतो, समजायला अवघड नाही. फोटो आधी आमच्या भाड्याच्या मशीनवर येतो, तिथून गोदामात जातो. दोन्ही एकाच आवारात. पण मी जो रस्ता लावला होता, त्याने फोटो आवाराच्या गेटबाहेर पडायचा, सार्वजनिक रस्त्यावरून वळसा घालायचा आणि पुढच्या बाजूने त्याच आवारात परत शिरायचा. गेटवर वजनाप्रमाणे पैसे. आतल्या आत जायला एक खाजगी दार असतं. गोदामात जायला तर ते फुकट होतं, फक्त उघडून द्यावं लागतं. मी उघडलं नव्हतं. सुरुवातीला घाईत राहिलं. नंतर लक्षात आलं तेव्हा भीती वाटली, की उघडलं तर बिल धाडकन खाली येईल आणि साहेब विचारतील, मग इतकी वर्षं काय करत होतास?

आणि नाव. सगळ्यात आधी क्लाउडला जोडलं ते खडवलीचं सेंटर. म्हणून त्या गेटला मी नाव दिलं 'खडवली'. पुढे डोंबिवली जोडली, दिवा जोडलं, कल्याण जोडलं, सगळ्यांचे फोटो त्याच गेटमधून जायला लागले, आणि नाव तेच राहिलं. आमच्या वागळे इस्टेटमध्ये हे असंच चालतं. कारखाना बंद होऊन तिथे टॉवर उभा राहिला तरी स्टॉप कारखान्याच्याच नावाने. रिक्षावाल्याला टॉवरचं नाव सांगा, तो तोंडाकडे बघत राहील. नाव बदलायला कुणाला वेळ आहे? कारखान्याचं नाव राहिल्याने कुणाचं काही जात नाही, एवढाच काय तो फरक.

बिल फुगायला लागलं तेव्हा, आपण काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून, मी खडवलीला एक फोनही करून ठेवला होता. तो पुढे येईलच.

डोंबिवली

परेरा मॅडम अकाउंट्स बघतात. ठाण्यात खाडीच्या बाजूला जी जुनी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथल्या. वडलांची भातशेती होती, आता तिच्यावर टॉवर आहेत, आणि त्या टॉवरांना ज्या शिव्या त्या देतात त्या इथे लिहिता येणार नाहीत. गाडी स्वतःची, चालवायच्याही स्वतःच. "तू बस रे सुधीर, तुझ्या हातात दिली तर आपण शनिवारी पोचू."

नाशिक हायवेने निघालो आणि माणकोलीवरून खाडीच्या नव्या पुलावर चढलो. खाली पाणी, दोन्ही काठांना तिवरं, आणि बघता बघता समोर डोंबिवली. मॅडमच्या डब्यातले फुगे बाहेर आले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले, आत पोकळ, गोडसर गोळे. सोबत बोंबलाचं लोणचं. आमच्या घरी नाश्त्याला बोंबील काढला तर आई घर सोडून जाईल. मी चार खाल्ले.

"हा पूल नव्हता तेव्हा कसे जायचात रे तुम्ही डोंबिवलीला?" त्यांनी विचारलं.

"शीळ फाट्यावरून. नाहीतर कल्याणवरून वळसा."

"समोर दिसत असून?"

"समोर दिसत असून."

"आणि कुणाला राग नाही आला?"

मी फुगा तोंडात घातला.

डोंबिवलीत रिक्षाला रांग लावतात, हे ठाणेकराला बघवत नाही. आमच्याकडे हात करायचा, तीन रिक्षावाले नाही म्हणणार, चौथ्याशी भांडायचं. इथे माणसं ओळीत उभी, पुढचा गेला की एक पाऊल पुढे, आणि मध्ये कुणी घुसला तर सगळी रांग एका आवाजात, "ओ, मागे मागे!" चिडायचीही शिस्त असते, हे मी तिथे पाहिलं.

सेंटरवर गर्दी. स्कॅन चालू होते, आणि एकेका स्कॅनचे फोटो म्हणजे गठ्ठेच्या गठ्ठे. सगळे खडवली नावाच्या गेटमधून बाहेर जात होते. मी लॅपटॉपवर नुसता बघत बसलो.

परेरा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "इथून एवढं जातंय, मग बिलात डोंबिवलीच्या नावाने काही कसं नाही?"

"त्याचं वेगळं असतं मॅडम."

"काय वेगळं?"

"टेक्निकल आहे," मी जरा जोरातच म्हणालो. पोटातलं लपवायचं असलं की माणूस मोठ्याने बोलतो. त्या गप्प झाल्या. त्यांना गप्प केल्याचा मला थोडा आनंदसुद्धा झाला, हेही लिहून ठेवतो.

दिवा

दुसऱ्या दिवशी दिवा. सेंटरच्या गल्लीत शिरलो आणि पाण्याच्या टँकरमागे अडकलो. दोन्ही बाजूंना इमारती एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून उभ्या, खाली हंडे, ड्रम, बादल्या, आणि मधून टँकर उलटा येतोय. परेरा मॅडम हॉर्न दाबून बसल्या. टँकरने आमच्या गाडीचा डावा आरसा अलगद काढून घेतला.

"ओ भाऊ! डोळे कुठे आहेत?"

टँकरवाला उतरला, आरसा उचलून मॅडमच्या हातात दिला. "मागे बघायचंच कशाला ताई? इथे मागे घ्यायला जागा कुठाय?"

चिडलेल्या परेरा मॅडमना हसू आलं आणि त्याबद्दल त्या जास्त चिडल्या.

सेंटरच्या बेसिनला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. एक्स-रे काढणारा मुलगा घरून बाटल्या भरून आणतो. रिसेप्शनवरच्या ताईंना मी विचारलं, इथे पाइपलाइन नाही का?

"आहे की सर. मोठी आहे. त्या तिकडून जाते." त्यांनी हात केला. "कान लावला तर आवाजपण येतो. आमच्या वाट्याला आवाज."

आणि त्यांनी आम्हाला टँकरच्या पाण्याचा चहा दिला. पाणी शेजारून वाहतं आणि ही माणसं ते फिरून आलेलं, विकतचं पितात. मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोर भाषणच ठोकलं. काय हा कारभार, कोण विचारणार यांना, एक व्हॉल्व्ह फिरवायचा तर यांचे हात झिजतात का! ताई मान हलवत होत्या. परेरा मॅडम चहा पीत माझ्याकडे बघत होत्या. बोलता बोलता माझा आवाज आपोआप खाली आला. मी कोणाबद्दल बोलतोय, ते माझं मलाच ऐकू यायला लागलं होतं.

कल्याण

तिसऱ्या दिवशी सकाळी कल्याणच्या सेंटरमध्ये बसून मी ते आतलं दार उघडलं. ठाण्यात खुर्चीत बसून कधीही उघडता आलं असतं. कल्याणला उघडलं, कारण फिरून, शोधून काढल्यासारखं दिसावं. गोदामाकडे जाणारा सगळा माल आतल्या रस्त्याने, एवढं रूटच्या टेबलात, म्हणजे रस्त्यांच्या यादीत, सांगायचं. दोन-तीन वेळा फोटो पाठवून पाहिला. पोचला. गेटवरची वर्दळ बघता बघता ओसरली. झालं. चहा आणायला गेलेला माणूस अजून परत आला नव्हता.

जेवताना परेरा मॅडमना सांगितलं. एका खानावळीत थाळी घेतली होती, आमटी कडक तिखट. घाम पुसत मी त्यांना गेट आणि दार समजावलं. म्हटलं आता बिल उतरेल.

त्यांनी पोळीचा तुकडा हातातच धरला. "म्हणजे आपण किचनमधून हॉलमध्ये जायला बिल्डिंगबाहेर जाऊन रिक्षा करत होतो?"

"साधारण तसंच."

"मीटरने?"

"मीटरने."

"आणि मधलं दार होतं."

"होतं."

"कोणी बंद केलेलं?"

"बंद नव्हतं केलं. उघडलं नव्हतं."

"वा रे माझ्या राजा!" त्या एवढ्या हसल्या की शेजारच्या टेबलवाल्याने वळून पाहिलं. मग हसू थांबलं. अकाउंट्सचा माणूस कुठे थांबतो ते मला माहीत आहे, आणि त्या बरोबर तिथेच थांबल्या. "मग बिलात ती खडवलीची ओळ आहे, ती काय?"

सांगायची वेळ ती होती. समोर थाळी, समोर विचारणारं माणूस, घाई नाही, साहेब नाहीत. ते गावाचं नाव नाही मॅडम, गेटचं नाव आहे, एवढं म्हणायचं.

"ते बघायला लागेल," मी म्हणालो.

खडवली

पडघ्याच्या पुढे हायवे सोडला की हवाच बदलते. भात कापून झालेलं, खाचरांत वालाचे वेल, पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि मध्ये मध्ये वीटभट्ट्यांचा धूर. खडवली म्हटलं की आमच्या ठाण्याच्या लोकांना नदीवरची सहल आठवते, तेवढीच. सेंटर बाजारपेठेत, एका गाळ्यात. समोर बाक, बाकावर शहाळं घेऊन एक म्हातारी, गाळ्यात एक्स-रेचं मशीन आणि संगीता गायकवाड.

संगीताताई तिथल्या टेक्निशियन. गावाबाहेरच्या बौद्धवाडीत घर. आम्ही येणार म्हणून घरून डबा आणलेला, तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं. "जय भीम सर, जय भीम मॅडम, आधी जेवून घ्या." आम्ही जेवून आलोय म्हटल्यावर चेहरा पडला, म्हणून परत जेवलो. परेरा मॅडम आणि त्या सुकटीवरून लागल्या. कांदा आधी की सुकट आधी, चिंच की कोकम. मॅडम म्हणाल्या आमच्याकडे असं करतात, ताई म्हणाल्या मग तुमच्याकडे चुकतं. दोघी हसत होत्या. मी मशीनचा नंबर बघून घेत होतो, कुठे हलवायचं त्यासाठी.

मग मॅडम बाजारात वालाच्या शेंगा बघायला गेल्या. बाकावरची म्हातारीही गेली. संगीताताईंनी दार लोटून घेतलं.

"सर, बंद करणार ना?"

"अजून ठरलं नाही."

"तुम्ही मशीनचा नंबर पाहिलात ना." त्या उभ्याच राहिल्या. "सर, माझ्यामुळे झालं. तुमचा फोन आलेला ना, खडवलीचं बिल फार येतंय, फोटो जपून पाठवा म्हणून? त्याआधी मी दोनदोनदा काढायचे. माणूस हलला की परत. भट्टीवरची माणसं, त्यांना स्थिर राहा म्हटलं तरी कळत नाही, भीती वाटते त्यांना. म्हणून परत काढायचे. मला नव्हतं माहीत त्याचं एवढं होत असेल."

मी नंबर लिहिलेल्या कागदाची घडी घालत राहिलो.

"मग तुमचा फोन आल्यावर मी कमी केलं सर. दोन बाजूंनी काढायचा तिथे एकच काढायला लागले. समोरून." त्यांचा आवाज बदलला. "भट्टीवरची एक बाई आलेली, मनगट सुजलेलं. समोरून काढला, काही दिसलं नाही. रिपोर्ट आला, काही नाही. ती तशीच विटा उचलायला गेली. परत आली तेव्हा हात वाकडा. तेव्हा बाजूनेपण काढला. तडा होता सर. केवढा होता. पहिल्याच दिवशी दिसला असता."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला.

"तिच्याकडे जाऊन मी माफी मागितली. तुमची राहिली होती. बिल माझ्यामुळे वाढलं, आणि वाचवायला गेले तर हे असं. माझी चूक झाली सर. माफ करा."

त्यांनी हात जोडले. आणि मी म्हणालो, "ठीक आहे. यापुढे लक्ष ठेवा."

का म्हणालो? पुष्कळदा विचार केलाय. घाबरलो होतो म्हणावं, तर समोर साहेब नव्हते. समोर एक बाई होती, जिला खरं सांगितलं असतं तर रात्री झोप लागली असती. मला वाटतं, समोरून एवढी तयार माफी आली की माझ्यासारखा माणूस ती खिशात टाकतो. नोकरीत इतकी वर्षं हेच केलं. चूक वरून खाली सरकवत न्यायची आणि खालून वर येणारी माफी मान डोलावून घ्यायची.

निघताना त्यांनी मॅडमच्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी दिली. "बाजारातल्या घेऊ नका, या आमच्या परसातल्या." हायवेला लागेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. आरसा नव्हता, मागे काही दिसत नव्हतं.

"काय झालं रे तुला?" मॅडमनी विचारलं.

"सुकट लागली."

पुन्हा वागळे इस्टेट

परत आल्यावर त्या दाराबद्दल साहेबांना मी काही सांगितलं नाही, आणि खडवलीचं सेंटर बंद झालं. पुढचं बिल आलं, 'खडवली'ची ओळ एकदम बारीक. अर्थात. आता त्या गेटमधून फारसं काही जातच नव्हतं. साहेबांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं. "बघितलंत? खडवली काढलं आणि बिल पडलं! याला म्हणतात धंदा. सुधीर, दिवा पण बघून घे. तिथेपण काही दम नाही."

दिवा. टँकरच्या पाण्याचा चहा. तेव्हा कुठे तोंड उघडलं. केबिनमध्ये जाऊन सांगितलं, साहेब, खडवली हे गेटचं नाव होतं, गावाचं नाही. सगळ्यांचा माल त्यातून जायचा. खडवलीचा त्यात वाटा चिमूटभर. दार मी उघडलं नव्हतं. आणि 'फोटो जपून पाठवा' हा खडवलीला फोन मी केलेला.

साहेब खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं, आता काढतात. "पण बिल उतरलं ना?" ते म्हणाले.

"उतरलं."

"मग झालं. गाळ्याचं भाडंपण वाचलं. आता परत कोण उघडत बसणार?" आणि त्यांनी फोन उचलला.

माझं काहीच झालं नाही. मेमो नाही, ओरडा नाही. कित्येक वर्षं ज्या प्रश्नाला भीत होतो, तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्या दिवसाएवढा राग मला आयुष्यात आलेला नाही. एवढ्यासाठी मी गप्प बसलो होतो? यांच्यासाठी? दिवा मात्र राहिलं. ते माझ्यामुळे राहिलं असं म्हणायला जीभ धजत नाही.

परेरा मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कल्याणला थाळीवर विचारलेलं मी तुला. एका वाक्याचं उत्तर होतं सुधीर. तेव्हा दिलं असतंस तर मी तिथूनच साहेबांना फोन लावला असता. शेंगा खाल्ल्या रे आपण तिच्या." तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. डबा उघडतात तेव्हा पाठ माझ्याकडे असते.

खडवलीत आता एक्स-रे नाही. भट्टीवर कुणी पडलं तर सुजलेला हात छातीशी धरून कल्याण गाठावं लागतं. संगीताताईंना आम्ही दिव्याची जागा देऊ केली होती, त्या आल्या नाहीत. कामात आपली चूक झाली, म्हणून सेंटर गेलं, असं त्या गावात सांगतात. हे मला दिव्याच्या ताईंकडून कळलं. म्हणजे माझी चूक अजूनही त्याच वाहतायत, आणि तीही गावभर, चारचौघांत.

मी अजून तिकडे गेलेलो नाही. फोन करून चालणार नाही, फोननेच घोळ केलाय. त्यांच्या दारात जाऊन, वाडीतल्या लोकांसमोर सांगायचं आहे की बिल त्यांच्यामुळे वाढलं नव्हतं. मग भट्टीवरच्या त्या बाईकडे जायचं आहे. संगीताताईंनी मागितलेली माफी माझ्याकडे पडून आहे. ती त्यांना परत द्यायची आहे, आणि माझी मागायची आहे.